उसाच्या पानातली साठ वर्षं

ज्वारीचं पान उन्हाकडे धरून पाहावं. शिरा अगदी दाटीवाटीने शेजारी शेजारी. भाताच्या पानात त्या मानाने ऐसपैस. पानाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की शिरेभोवती टपोऱ्या, गर्द हिरव्या पेशींचं कडं दिसतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि बाईंनी हाक मारेपर्यंत भिंगावरून डोळा हलवला नव्हता. ऑस्ट्रियाच्या हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रचनेला हाराची उपमा दिली होती. हा हार कशासाठी, हे मात्र कित्येक दशकं कळलं नाही.

उत्तर उसाने दिलं. हवाईतल्या ऊस संशोधकांनी पानाला किरणोत्सारी कार्बन दिला. कॅल्विन यांच्या प्रकाशसंश्लेषणावरच्या नोबेलविजेत्या संशोधनानुसार आधी तीन कार्बनचं संयुग दिसायला हवं होतं, दिसली चार कार्बनची आम्लं. १९६५ मध्ये त्यांनी हे छापलं आणि पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनच्या हॅच आणि स्लॅक यांनी त्यामागची वाट शोधून काढली. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि आम्लाच्या रूपात कड्यातल्या पेशींकडे धाडतात. तिथे तो पुन्हा मोकळा होतो आणि दाटलेल्या वायूत रुबिस्को हे विकर निर्धोक काम करतं. एरवी, विशेषतः उन्हाळ्यात, ते अनेकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनलाच धरतं आणि हाती आलेला कार्बन वाया जातो.

ही सी-फोर, म्हणजे चार कार्बनची, पद्धत. तिला खास शिरा हव्यात, पेशींची विभागणी हवी, डझनभर विकरं आपापल्या जागी हवीत. एवढं सगळं एकदम कसं जुळेल? तरीही वनस्पतींच्या वेगवेगळ्या कुळांत ते साठाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे जुळलं आहे. मला उत्क्रांतीतलं याहून विलक्षण काही ठाऊक नाही.

उलगडा झाला तो फ्लावेरिया या सूर्यफुलाच्या कुळातल्या गणातून. त्यातली एक जात आपल्याकडे तण म्हणून रुजली आहे. या गणात काही जाती तीन कार्बनच्या जुन्या पद्धतीच्या, काही पूर्ण सी-फोर आणि काही अधल्यामधल्या. या मधल्या जातींत रुबिस्कोच्या चुकीतून तयार होणारं ग्लायसिन फोडण्याचं काम फक्त शिरेजवळच्या पेशींकडे राहिलं आहे. त्यामुळे वाया जाणारा कार्बन डायऑक्साइड तिथेच सुटतो आणि पुन्हा पकडला जातो. म्हणजे सुरुवात गळती थोपवण्यापासून झाली! पण ग्लायसिनबरोबर नायट्रोजनही तिकडे जाऊन साठू लागला. तो परत आणण्यासाठी जी ने-आण लागते, तिच्यातूनच सी-फोरचं चक्र आकाराला आलं असावं, असं २०१४ च्या एका अभ्यासाने दाखवलं. विकरं नवी घडवावी लागली नाहीत. इतर कामांसाठी ती पानात आधीपासून होतीच. बदलली ती त्यांची जागा आणि त्यांचं प्रमाण.

त्याच्या एक वर्ष आधी, २०१३ मध्ये, संगणकीय प्रारूपांनीही हेच सांगितलं होतं: वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर रोपाला थोडा का होईना, फायदा होता. पुढे ऊस व्हायचंय म्हणून कोणतंही रोप तोटा सोसत थांबलेलं नाही.

जुन्या पद्धतीच्या भाताला सी-फोर पद्धत देण्याचा प्रयत्न फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सुरू झाला, आता तो अनेक देशांत चालू आहे. २०१७ मध्ये मक्यातलं एक जनुक भातात घातल्यावर शिरेभोवतीच्या फिकट पेशींत हरितलवकं वाढली. भातात अजून सी-फोर आलेलं नाही. कडं तेवढं थोडं हिरवं झालं आहे.