मुलाला खादाड म्हणण्यापूर्वी

दावत असो की घरचे साधे जेवण, एकाच दस्तरखानावर दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एकाला कोरम्यावरचा तेलाचा तवंग पाहूनच पुरे होते. दुसरा तोच तवंग रोटीने टिपून घेतो आणि आणखी मागतो. पहिल्याला आपण समजूतदार म्हणतो, दुसऱ्याला खादाड. हा दुसरा जर अंगाने जाड मूल असेल, तर शाळेत सोबती आणि घरी पाहुणे त्याला चिडवतात. डबा उघडायला लाजणारी, खेळाच्या तासाला कोपऱ्यात उभी राहणारी अशी मुले आम्ही शिक्षक नेहमी पाहतो. म्हणून या बाबतीत विज्ञान काय सांगते, ते आईवडिलांनी जाणून घ्यावे असे आम्हाला वाटते.

गोड, आंबट, खारट, कडू या चवी आपण पुस्तकात शिकलो. पण तेला-तुपातली मेदाम्लेही जिभेला कळतात. जिभेच्या रुचिकलिकांमध्ये सीडी-३६ नावाचे प्रथिन असते, ते हे काम करते. कोणाच्या जिभेत ते जास्त, कोणाच्या कमी. आणि हा फरक आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर बराच अवलंबून असतो. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २१ लठ्ठ व्यक्तींवर याचा प्रयोग झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकापुढे तीन पेले ठेवले. एकातच किंचित तेल होते. वास येऊ नये म्हणून नाकाला चिमटा आणि रंग ओळखू येऊ नये म्हणून लाल उजेड! हे प्रथिन जास्त बनवणाऱ्यांना, कमी बनवणाऱ्यांच्या तुलनेत, तेल सुमारे ८ पट सहज ओळखता आले. ज्याच्या जिभेला स्निग्धता उशिरा कळते, तो ती जास्त खात असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

गोष्ट जिभेपाशीच संपत नाही. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापिका सदफ फारूकी यांच्या गटाने २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वापरला होता चक्क चिकन कोरमा! दिसायला आणि चवीला सारखेच तीन कोरमे. फक्त एकात २०, दुसऱ्यात ४० आणि तिसऱ्यात ६० टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येणारे. ज्यांच्या एमसी४आर या जनुकात दोष होता, त्यांनी सर्वांत स्निग्ध कोरमा सडपातळ लोकांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला. कोणता कोरमा अधिक स्निग्ध, हे त्यांना कळलेही नव्हते. हे जनुक मेंदूत भुकेचा कारभार पाहते. लठ्ठ माणसांपैकी शंभरात साधारण एकात हा दोष आढळतो. म्हणजे प्रत्येक जाड मुलाचे कारण हेच, असे नाही. पण ओढ नेहमी हौसेची नसते, एवढे यातून नक्की कळते.

मग सारे जनुकांवर टाकून हात झटकायचे का? मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात जुळ्या भावंडांच्या ४४ जोड्यांवर ८ आठवडे प्रयोग झाला. जोडीतल्या एकाला कमी स्निग्ध आहार दिला, दुसऱ्याला जास्त. कमी स्निग्ध खाणाऱ्यांची जीभ स्निग्धतेबाबत अधिक तीक्ष्ण झाली, जास्त खाणाऱ्यांची बोथट झाली. हे प्रौढ माणसांत दिसले. जीभ जन्माने मिळते, पण तिला वळण लावता येते.

हे वळण लावण्याची जागा म्हणजे आपला बावर्चीखाना. जाड मुलासाठी वेगळे पातेले नको. त्याने ते एकटे पडते. साऱ्या घराचेच तेल थोडेथोडे कमी करावे. तेल डब्यातून थेट न ओतता चमच्याने मोजून घालावे. सालन गार झाल्यावर वर जमलेली चरबी काढून टाकावी. समोसे-भजी सणावारी असू द्यावीत, रोजच्या नाश्त्याला नकोत. सुरुवातीला जेवण फिके लागेल. काही आठवडे धीर धरावा. वजन फार वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि मुलाने पुन्हा कोरमा मागितला, तर चारचौघांत त्याचे नाव ठेवू नये. सगळ्यांना जेवढा वाढला तेवढाच त्यालाही वाढावा, आणि जेवणानंतर त्याच्यासोबत पायी एक फेरी मारून यावी.