पडद्यामागच्या कामाचा निरोप्या

भलीमोठी एक्सेल फाइल उघडायला घ्यावी आणि खिडकी पांढरट पडून वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटावं, हा अनुभव नसलेला कॉम्प्युटरवाला विरळाच. आपण वैतागून आणखी चार क्लिक करतो. प्रोग्रॅम बहुधा मेलेला नसतो, कामात असतो. विंडोजमध्ये खिडकी सांभाळणाऱ्या थ्रेडपाशी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका स्वतंत्र धाग्यापाशी, निरोपांची एक रांग असते. माउसची क्लिक, दाबलेली कळ, ‘खिडकी पुन्हा रंगव’ हा हुकूम, सगळे तिथे येऊन थांबतात. त्याच थ्रेडला हजारो ओळी वाचायला बसवलं, तर रांगेकडे बघणार कोण? पाच सेकंद तिकडे कुणी फिरकलं नाही, की विंडोज खिडकी ‘हँग’ झाल्याचं ठरवून टाकते.

जड काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवावं, इथवर नवशिका प्रोग्रॅमरही पोचतो. खरी मेख पुढे आहे. त्या थ्रेडला माहिती द्यायची कशी आणि उत्तर परत घ्यायचं कसं? दोन्ही थ्रेड एकाच मेमरीत वावरतात, म्हणून दोघांनी एकाच जागी वाचावं-लिहावं हा मोह होतो. समजा, तिथे 100 हा आकडा आहे. पहिल्यानं 100 वाचला, तेवढ्यात दुसऱ्यानंही 100च वाचला. दोघांनी एकेक मिळवून 101 लिहिलं. नोंदी दोन झाल्या, हिशेबात एकच आली. हा घोळ हजारदा होत नाही आणि एखाद्या वेळी होतो, म्हणून चाचणीत तो हाती लागत नाही.

असा घोळ माणसांच्या जिवावर बेतला आहे. थेरॅक-25 हे कॅनडाच्या एईसीएल कंपनीचं, कॅन्सरवर रेडिएशन देणारं यंत्र. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून अतोनात मात्रा मिळाली, काही दगावले. मार्च 1986मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी ऑपरेटरनं सवयीनं एक्स-रेचा ‘एक्स’ दाबला. हवा होता इलेक्ट्रॉनचा ‘ई’. चूक लक्षात येताच तिनं कर्सर वर नेऊन ती झटपट सुधारली. पडद्यावर ‘ई’ दिसू लागला. पण यंत्रातले चुंबक जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात झालेली दुरुस्ती यंत्र चालवणाऱ्या भागापर्यंत पोचलीच नाही. ‘मालफंक्शन 54’ एवढाच संदेश आला. पुढच्याच महिन्यात तिथे दुसरा अपघात झाला. मग रुग्णालयाचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्या ऑपरेटरला सोबत घेऊन तोच क्रम पुन्हा पुन्हा टाइप करून पाहिला. कळा भराभर दाबल्या, तरच बिघाड होत होता! जुन्या यंत्रांत अशा वेळी किरण रोखणारे स्वतंत्र अडसर असत. इथे ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती. माझ्या मते मोठा गुन्हा तो होता.

साध्या डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी मायक्रोसॉफ्टनं 2005मध्ये डॉटनेट या आपल्या प्रोग्रॅमिंगच्या चौकटीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘बॅकग्राउंडवर्कर’ दिला. काम सुरू करतानाच लागणारी माहिती त्याच्या हाती द्यायची. मधून मधून तो किती टक्के झालं ते कळवतो आणि संपल्यावर निकाल आणून देतो. हे निरोप खिडकीच्या थ्रेडवरच येतात, त्यामुळे पडद्यावरचे आकडे बिनधोक बदलता येतात. 2012मध्ये सी-शार्प या भाषेत ‘असिंक-अवेट’ आल्यावर हेच आणखी सुटसुटीत झालं.

तरी एक खाच राहते. यादीसारखी वस्तू दिली, तर वर्करला तिची प्रत मिळत नाही, फक्त पत्ता मिळतो. काम चालू असताना तुम्ही इकडे यादीत फेरफार केला, की पुन्हा तोच 101चा गोंधळ. म्हणून आधी प्रत काढावी आणि मग द्यावी. यात थोडी मेमरी जाते, ती खुशाल जाऊ द्यावी.

आणि ‘कॅन्सल’ बटण? ते दाबल्यानं काम थांबत नाही, ‘थांब’ अशी खूण तेवढी होते. वर्करनं अधूनमधून ती पाहिली तरच तो थांबतो. तेव्हा कॅन्सल केल्यावरही काम किती झालं ते दाखवणारी पट्टी थोडी पुढे सरकली, तर बटणावर पुन्हा पुन्हा बोट आपटू नका. एकदा दाबलेलं पुरेसं असतं.