गाडी, रस्ता आणि विमा : पडलेला खडा, उडालेला खडा

एनसीबीचं, म्हणजे नो क्लेम बोनसचं, गणित आज मांडणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण एरंडोलच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. धुळ्याहून परतताना पारोळ्याच्या अलीकडे डंपरच्या मागे असताना खडा आला आणि पुढची काच तडकली. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी. ‘भाऊ, आता पैसे कोण देणार?’

माझा पहिला प्रश्न : खडा पडला की उडाला?

रस्त्यावर सांडलेली खडी पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडाली, तर त्या ड्रायव्हरची चूक दाखवता येत नाही. तो रस्त्यानं सरळ चालला होता. पण डंपर काठोकाठ भरलेला, वर ताडपत्री नाही आणि फाळक्यावरून खडी गळते आहे, तर तो निष्काळजीपणा आहे. मग त्याचा मालक आणि त्याची विमा कंपनी जबाबदार धरता येते. आपला थर्ड पार्टी विमा आपल्या काचेला एक पैसा देत नाही. डंपरचा थर्ड पार्टी विमा मात्र नेमका आपल्यासारख्यांसाठीच असतो. ही गोष्ट लोकांना माहीतच नसते, आणि म्हणून ‘आपला फुल विमा नाही’ म्हणून गप्प बसतात.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फक्त मृत्यू आणि जखमांसाठी आहे, हाही असाच समज. मोटार वाहन कायद्याच्या कलम 165 मध्ये मालमत्तेचं नुकसानही येतं; ते 2,000 रुपयांच्या वर असेल तर दिवाणी न्यायालयाचा पर्यायही खुला आहे. अपघात धुळे जिल्ह्यात झाला असला तरी जळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला आपल्या भागातल्या न्यायाधिकरणात जाता येतं. काही हजारांच्या काचेसाठी एवढी पायपीट कोण करणार, हे खरं. पण मालकाला लेखी नोटीस पाठवायला पायपीट लागत नाही.

रस्त्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराचं काय, हेही अनेक जण विचारतात. फागणे–तरसोद चौपदरीकरणाच्या काळात तर सारखं विचारायचे. 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 198 अ रस्त्याच्या दोषाबद्दल एक लाखापर्यंत दंड सांगतं, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. काचेसाठी ठेकेदाराची हयगय आपल्यालाच सिद्ध करावी लागते.

ज्यांचा फुल विमा आहे त्यांना हा वाद घालायची गरज नाही. खडा कुठूनही येवो, आपली कंपनी देते. काचेला घसारा लागत नाही. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1,000 रुपये तेवढे स्वतः भरायचे. मात्र त्या क्लेमनं एनसीबी जातो, म्हणून तर पुढचा आठवडा.

एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. बांभोरीच्या पुलाआधी माझ्या काचेवर टक् झालं. ज्वारीच्या दाण्याएवढा टवका. आतून नख फिरवलं तर काच गुळगुळीत; कारण पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पडदा, आणि फुटला होता तो फक्त बाहेरचा थर. मी दुर्लक्ष केलं. मे महिना होता. दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसलो, एसी पूर्ण सोडला, गार झोत काचेवर, आणि टवक्यातून निघालेली रेघ माझ्या डोळ्यांसमोर वायपरपर्यंत सरकत गेली. त्याच दिवशी टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून, धूळ आत जायच्या आधी काचवाल्याकडे रेझिन भरून घेतलं असतं, तर काच वाचली असती.

एरंडोलच्या वाचकांनी डंपरचा नंबर आणि वेळ टिपली आहे का, हे कळवावं. सोबत कोणी असेल तर त्याचं नाव लिहून ठेवावं, आणि काच बदलण्याआधी तिचे चार फोटो काढावेत. नंबर असेल तर नोटिशीचा मसुदा मी करून देतो.