चाळिशी आणि शस्त्रक्रिया
मराठीने वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणून निदान केव्हाच करून ठेवले आहे. त्या वयात डोळ्यातील भिंग ताठर होत जाते. लेसर शस्त्रक्रिया बुबुळावरील पारदर्शक पटलाचा आकार बदलते. भिंगाची गेलेली लवचिकता तिने परत येत नाही. मग एक डोळा दूरच्यासाठी व दुसरा जवळच्यासाठी ठेवायचा, किंवा निरोगी भिंगच काढून बहुकेंद्री भिंग बसवायचे. त्याने रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. नांदेड-लातूरच्या शिक्षक-कारकुनांनी एवढ्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे. मोतीबिंदूची गोष्ट निराळी. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने याच शस्त्रक्रियांनी नावारूपाला आले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोतीबिंदू काढताना भिंग बदलावेच लागते, आणि बहुकेंद्री भिंगाचा विचार करण्याची खरी वेळ तीच.