रिफर्बिश्ड लॅपटॉप : जे बदलता येत नाही, त्याचेच पैसे मोजा

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. नव्याचा खर्च झेपणारा नसला, की चौकशी सुरू होते रिफर्बिश्डची. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, तिथे मांडलेले बहुतेक लॅपटॉप एकाच वाटेनं आलेले असतात. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी एकदम शेकड्यांनी यंत्रं घेतात आणि काही वर्षांनी ती एकगठ्ठा बदलतात. म्हणूनच लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड आणि एचपीचं एलिटबुक हीच नावं तिथे पुन्हा पुन्हा दिसतात. ही यंत्रं रोजच्या राबत्यासाठीच बांधलेली असतात, स्क्रू काढून उघडता येतात आणि त्यांचे सुटे भागही सहज मिळतात. वस्तू मुळात चांगली असते. गफलत होते ती निवडीत.

समजा, दुकानदारानं तीन लॅपटॉप समोर ठेवले. पहिला साडेबारा इंची थिंकपॅड एक्स-२७०, सातव्या पिढीच्या आय-७ प्रोसेसरचा. दुसरा १४ इंची थिंकपॅड टी-४८०, आठव्या पिढीच्या आय-५ चा. तिसरा १५.६ इंची एलिटबुक ८५० जी-३, सहाव्या पिढीच्या आय-५ चा. किमती जवळपास सारख्या. मुलाचा डोळा हलक्या आय-७ वर, वडिलांचा मोठ्या पडद्यावर. मधल्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि बहुतेकांनी घ्यावा असा असतो तो नेमका तोच.

पिढीचा आकडा काय सांगतो?

आय-५, आय-७ ही त्या त्या पिढीतली प्रतवारी आहे. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. आय-५ ८३५०यू मधला पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. शेवटचं ‘यू’ हे कमी वीज खाणाऱ्या लॅपटॉप-चिपचं चिन्ह. दहाव्या पिढीपासून पुढे सुरुवातीचे दोन आकडे पिढी दाखवतात.

सातव्या पिढीपर्यंत इंटेलच्या ‘यू’ चिपमध्ये, आय-७ असला तरी, दोनच गाभे म्हणजे कोअर असत. ऑगस्ट २०१७ मध्ये आठवी पिढी आली आणि त्याच १५ वॅटच्या मर्यादेत आय-५ ला चार गाभे मिळाले. वीज न वाढवता हे कसं जमलं? चिपला लागणारी वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महागात पडतो. उलट वेग जरा उतरवला की व्होल्टेज उतरतं आणि वाचलेल्या विजेवर आणखी गाभे चालवता येतात. सातव्या पिढीच्या आय-७ ७६००यू चा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ आहे, तर आठव्या पिढीच्या आय-५ ८३५०यू चा १.७. आकडा उतरलेला दिसतो, पण काम करणारे गाभे दुप्पट झालेले असतात. एकच काम एका गाभ्यावर चालवलं तर जुना आय-७ बरोबरीत राहतो, कधी किंचित पुढेही जातो. मात्र ऑनलाइन वर्ग, ब्राउझरचे पंधरा टॅब, अँटिव्हायरस आणि प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर असं सगळं एकदम चालू झालं की तो मागे पडतो.

या दोन पिढ्यांमध्ये दुसरीही एक रेघ आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचेच प्रोसेसर आहेत. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर काही दुकानदार आडवाटेनं विंडोज ११ टाकून देतात. आज ते चालेल, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यांना लिनक्स चालतं त्यांच्यासाठी ही यंत्रं आजही उपयोगी आहेत. ती स्वस्त मिळत असतील तरच घ्यावीत.

आठव्या पिढीच्या पुढे मात्र प्रत्येक आकड्यागणिक उडी पडतेच असं नाही. दहाव्या पिढीच्या आय-५ १०२१०यू मध्ये गाभे चारच आहेत आणि चिप घडवण्याचं तंत्रही तेच १४ नॅनोमीटरचं. त्यासाठी फार जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. अकराव्या पिढीत ग्राफिक्स ठळकपणे सुधारलं आणि एव्ही-१ या नव्या व्हिडिओ पद्धतीची उकल चिपमध्येच होऊ लागली. बाराव्या पिढीत जोरकस आणि काटकसरी अशा दोन जातींचे गाभे एकत्र आले. बजेट वाढवता येत असेल तर थेट अकराव्या-बाराव्या पिढीकडे जावं. आणि नुसती पिढी पाहूनही भागत नाही: आठव्या पिढीचा आय-३ ८१३०यू दोनच गाभ्यांचा आहे.

इंच फसवे असतात

पडद्याचा आकार कर्णावर मोजतात, आपण वापरतो ते क्षेत्रफळ. ते कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून साडेबारा आणि १५.६ मध्ये फरक तीनच इंचांचा वाटला, तरी मोठ्या पडद्याचं क्षेत्रफळ तब्बल ५६ टक्क्यांनी जास्त भरतं. १४ इंची पडदा साडेबारापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी मोठा असतो.

पण पडद्यावर किती मावेल हे ठिपक्यांवर, म्हणजे पिक्सेलवर ठरतं. या पिढ्यांच्या काळी अनेक बिझनेस लॅपटॉप १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या पडद्यासह विकले गेले. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये पिक्सेल जवळपास दुप्पट असतात. १५.६ इंची पडदा ७६८ चा असेल तर एका इंचात जेमतेम १०० पिक्सेल बसतात. १४ इंची फुल एचडीत ते १५७ होतात. मराठी वाचणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. रफार, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरांचे बारीक सांधे दाखवायला पिक्सेल लागतातच, ते कमी पडले की अक्षरं खडबडीत दिसतात आणि तासाभरात डोळे थकतात. दुकानात पडद्यावर मराठी बातमीचं पान उघडा आणि लॅपटॉप थोडा तिरका धरा. बाजूनं पाहताना रंग फिके किंवा उलटे दिसले तर तो जुन्या टीएन जातीचा पडदा. रंग टिकले तर आयपीएस. फुल एचडी आयपीएसचाच आग्रह धरा.

आकाराचा दुसरा हिशेब खांद्यावरच्या ओझ्याचा. एक्स-२७० सव्वा किलोच्या थोडा वर, टी-४८० दीड किलोच्या वर आणि १५.६ इंची यंत्र दोन किलोच्या आसपास, त्यात चार्जर वेगळा. रोज लोकलनं किंवा एसटीनं जाणाऱ्यानं हे वजन हातात धरून पाहावं. घरी टेबलावरच हिशेबाचं काम असेल तर १५.६ इंच सोयीचा, कारण अशा अनेक यंत्रांवर आकड्यांचा वेगळा कीपॅडही असतो.

काय बदलता येतं, काय नाही

निवडीची खरी किल्ली इथे आहे. या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डलाच झाळलेला असतो, तो बदलता येत नाही. पडद्याचा आकारही कायमचा. रॅम, एसएसडी आणि बॅटरी मात्र बहुतेक वेळा बदलता येतात. टी-४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, एक्स-२७० मध्ये एकच, आणि त्याच्या पुढच्या एक्स-२८० मध्ये तर रॅम बोर्डलाच झाळलेली आहे. म्हणजे ८ जीबीचा एक्स-२८० घेतला तर तो जन्मभर ८ जीबीचाच राहतो. टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडली की किती स्लॉट भरलेले आहेत ते दिसतं. दोन सारख्या पट्ट्या बसवल्या की माहितीच्या वाटाही दोन होतात, आणि रॅमच उसनी घेणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो.

बॅटरीच्या बाबतीत ‘कमी वापरलेली आहे’ या शब्दावर विसंबू नका. लिथियम-आयन बॅटरी वापरानं झिजते, तशीच नुसत्या काळानंही. तिच्या ऋण अग्रावर एक पातळ थर साचत जातो आणि वीज वाहणारं लिथियम त्यात अडकून पडतं. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज या दोन्हींनी ही प्रक्रिया वेग घेते. ऑफिसात वर्षानुवर्षं चार्जरला जोडून ठेवलेल्या लॅपटॉपचे चार्जिंगचे फेरे कमी भरतात, पण बॅटरी म्हातारी झालेली असते. विंडोजच्या ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला बॅटरी रिपोर्टचा पर्याय जोडला की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता ४८,००० आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता २९,००० मिलिवॉट-तास दिसली, तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली आहे. तेवढी किंमत घासाघीस करून उतरवा. टी-४८० ला आत एक आणि बाहेरून निघणारी एक अशा दोन बॅटऱ्या आहेत. बाहेरची बदलायला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. टचपॅड वर उचललेलं वाटलं किंवा तळ टेबलावर डुगडुगला, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असं यंत्र घेऊच नका.

आणखी दोन तपासण्या दुकानातच करा. दहा मिनिटं मोठा व्हिडिओ आणि जड काम एकत्र चालवून टास्क मॅनेजरमध्ये वेग पाहा. चिप १०० अंश सेल्सियसच्या जवळ गेली की स्वतःच वेग तोडते. वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली आला तर बहुधा पंख्यात धूळ अडकली आहे किंवा थर्मल पेस्ट वाळली आहे. ही दुरुस्ती दुकानदाराकडून आधी करून घ्या. दुसरं, बायोसला पासवर्ड नाही ना हे पाहा, आणि विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडा. जुन्या कंपनीचं लॉगिन मागितलं गेलं तर ते यंत्र अजून पुरतं तुमचं झालेलं नाही.

या निवडीचं महत्त्व खिशापुरतं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. चांगलं यंत्र आणखी चार-पाच वर्षं राबलं तर या ढिगात तेवढी भर उशिरा पडते. चुकीचं निवडलं तर ते वर्षभरात अडगळीत जातं आणि पैसेही वाया जातात.

तेव्हा हिशेब सरळ ठेवा. पिढी आठवी किंवा पुढची, गाभे किमान चार, पडदा फुल एचडी आयपीएस आणि रॅमला मोकळा स्लॉट, या चार गोष्टींवर तडजोड करू नका. एसएसडी लहान असेल, बॅटरी थकलेली असेल, झाकणावर ओरखडे असतील, तर खुशाल घ्या आणि त्याबदल्यात किंमत कमी करून मागा. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी या कसोट्यांवर उतरलेला १४ इंची लॅपटॉप ही आजची सर्वांत शहाणी खरेदी आहे. बिल आणि वॉरंटी लेखी घेतल्याशिवाय मात्र दुकानाची पायरी उतरू नका.