दोन स्टेडियमांच्या मधला मुक्काम

२०२३च्या विश्वचषकात १ नोव्हेंबरला न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका पुण्याजवळच्या गहुंज्याला खेळले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत वानखेडेवर भारताने श्रीलंकेला ५५ धावांत गुंडाळलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ७ तारखेला वानखेडेवर मॅक्सवेलच्या नाबाद २०१ धावा, ८ तारखेला गहुंज्याला इंग्लंड-नेदरलँड्स. मुंबई आणि पुणे, दोघांच्याही वाट्याला पाच-पाच सामने होते आणि दोघांनाही पाहुणे हवे होते. पण ज्याने लागोपाठ दोन्ही दिवसांची तिकिटं काढली, तो मधल्या रात्री कुठे टेकला असेल? रस्त्याने गेला असेल तर खालापूरच्या टोलनाक्यावरून गेला, रेल्वेने गेला असेल तर कर्जतवरून. थांबला मात्र क्वचितच.

थांबण्यावरच तर कर्जत-खालापूरचा हा मुलूख जगत आला. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती घाट चढण्यासाठी, मागून बँकर इंजिन लावायला. तेवढ्या वेळात वडापाववाले डब्याडब्यापाशी पोहोचतात. खिडकीतून नोट बाहेर येते, कागदात गुंडाळलेला गरम वडा आत जातो आणि सुटे पैसे मोजून होईस्तोवर मागून धक्का बसतो: इंजिन लागलं! खोपोलीचे चहावाले-हॉटेलवालेही असेच घाटाआधीच्या विसाव्यावर उभे राहिले. २००२ साली मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि तो विसावा फूडमॉलमध्ये गेला. गावातल्या गल्ल्यावरचं गिऱ्हाईक वळलं ते वळलंच.

उरलेल्या गिऱ्हाइकासाठी दोन्ही तालुके एकमेकांकडे बघत बसतात. कर्जतकडे लोकल, माथेरान, कोंढाण्याची लेणी, उल्हासच्या काठची फार्महाऊसं. खालापूरकडे महडचा वरदविनायक, २०१३पासून इमॅजिका आणि दारातून जाणारा एक्स्प्रेसवे. एकाचा पाहुणा तो दुसऱ्याचा तोटा, असा हिशेब दोन्हीकडे चालतो. मला तो चुकीचा वाटतो, आणि सामन्यांच्या दिवसांत तर साफ चुकीचा.

मोठी स्पर्धा आली की यजमान शहरात खोल्या महागतात, रस्ते भरतात आणि नेहमीचा पर्यटक तिकडे फिरकत नाही. २०१२च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये ऑलिम्पिक चालू असताना ब्रिटनमध्ये येणारे परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी घटले होते. असा बिचकलेला पर्यटक शेजारच्या गावाकडे वळू शकतो, फक्त त्याच्यासाठी कुणीतरी दार उघडं ठेवायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे इथे भातकापणीचे दिवस. धबधबे आटत आलेले, दिवाळीची गर्दी सोडली तर खोल्या रिकाम्या.

आयपीएलचं गणित वेगळं. २०२२मध्ये साखळीचे सगळे ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच झाले, २६ मार्च ते २२ मे. कोरोनामुळे प्रेक्षकांवर मर्यादा होती, तरी एवढं क्रिकेट आपल्या दोन्ही अंगांना पुन्हा कधी येईल कोण जाणे. हाच करवंदांचा हंगाम. पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन ठाकर बाया रस्त्याकडेला उन्हात बसतात. आणि याच दिवसांत डोंगरातल्या वाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. पाहुणे बोलावताना तरणतलाव आधी भरायचा की वाडीची विहीर, हे दोन्ही तालुक्यांनी एकत्र बसून ठरवलं पाहिजे, कारण भूजल तालुक्याची हद्द पाहत नाही.

एकत्र बसायला निमित्तही आहे. २ नोव्हेंबर २०२५ला हरमनप्रीतच्या भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तो नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे आपल्या बाजूला. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आखला आहे तो त्याच दिशेने. त्यावर २,६२५ मीटरचा वावर्ले बोगदा आहे, आणि कर्जतच्या आधीचं स्टेशन आहे खालापूर तालुक्यातलं चौक. दिवस-रात्रीचा सामना सुटायला दहा-साडेदहा होतात. त्यानंतर चौकला किंवा कर्जतला उतरलेल्या कुटुंबाला, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन, ठरलेल्या दरात मुक्कामी नेणारी रिक्षा स्टेशनबाहेर उभी असायला हवी.