हिरवळीवरील लाकडी खुर्ची : इतिहास आणि रचना

प्रस्तावना

हिरवळीवर किंवा व्हरांड्यात ठेवावयाच्या लाकडी खुर्च्यांमध्ये अमेरिकेतील ‘अ‍ॅडिरॉन्डॅक’ खुर्ची विशेष प्रसिद्ध आहे. वस्तूचे रूप कशातून घडते आणि त्याचे श्रेय कोणाकडे जाते, हे दोन प्रश्न तिच्या इतिहासातून उपस्थित होतात.

उगम

न्यूयॉर्क राज्यात शॅम्प्लेन सरोवराच्या काठी वेस्टपोर्ट हे गाव आहे. तेथील आपल्या उन्हाळी निवासासाठी थॉमस ली यांनी १९०३ च्या सुमारास ही खुर्ची तयार केली. प्रत्येक नमुन्यावर कुटुंबीयांना बसवून, त्यांच्या अभिप्रायानुसार त्यांनी बदल केले. अखेरचा नमुना एकाच फळीतून कापलेल्या ११ तुकड्यांचा होता. हॅरी बनेल या स्थानिक सुतारास हिवाळ्यात काम मिळावे, म्हणून तो त्यास देण्यात आला. बनेल यांनी १९०४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १८ जुलै १९०५ रोजी त्यांना ७९४७७७ क्रमांकाचे पेटंट मिळाले. हे पेटंट एकट्या बनेल यांच्या नावावर आहे. त्यात या खुर्चीचे वर्णन ‘बंगला’ प्रकारची खुर्ची असे केले असून रुग्णांसाठीही तिचा उपयोग सुचविला आहे. ‘बंगला’ हा शब्द इंग्रजीत भारतातूनच गेला, हे येथे लक्षणीय आहे.

रचना

खुर्चीचे आसन मागे उतरते असून पाठ कललेली असते. त्यामुळे शरीराचा भार आसन व पाठ यांत विभागला जातो. मागील पाय स्वतंत्र नसतात. आसनाखालील बाजूच्या फळ्याच मागे जमिनीपर्यंत जातात. रुंद, सपाट हातांवर पुस्तक वा पेला ठेवता येतो.

मूळ खुर्चीत रुंद फळ्या वापरलेल्या होत्या. ओलाव्यामुळे लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगते. परिणामी उघड्यावर रुंद फळी वाकण्याचा व तडकण्याचा संभव असतो. १९३८ मध्ये न्यू जर्सीतील आयर्विंग वोल्पिन यांना मिळालेल्या पेटंटमधील खुर्चीची पाठ अरुंद पट्ट्यांची आहे. पट्ट्यांमधील फटींमुळे लाकडास फुगण्यास जागा मिळते व पावसाचे पाणी निथळून जाते. आजचे प्रचलित रूप याच खुर्चीशी अधिक जवळचे आहे.

निष्कर्ष

पेटंटमुळे कायदेशीर हक्क निश्चित होतो. निर्मितीचा संपूर्ण इतिहास त्यातून कळतोच असे नाही. ली यांची कल्पना, त्यांच्या कुटुंबीयांचे अभिप्राय, बनेल यांचे कारागिरीचे कौशल्य आणि वोल्पिन यांची सुधारणा या सर्वांतून ही खुर्ची घडली. म्हणून वस्तुसंस्कृतीच्या अभ्यासकाने पेटंटच्या कागदपत्रांबरोबर प्रत्यक्ष वस्तू, तिचे साहित्य व तिचा वापर यांचाही विचार करणे आवश्यक ठरते.